संमतीची किंमत : सिनेटर व्हँडनबर्ग आणि युरोपची फेरउभारणी

परराष्ट्र धोरण हा सर्वसाधारणपणे राष्ट्रप्रमुखांचा, परराष्ट्रमंत्र्यांचा आणि राजदूतांचा प्रांत मानला जातो आणि त्यामुळे त्याचा इतिहास लिहितानाही करार, परिषदा आणि युद्धे यांचीच नोंद प्रामुख्याने होते. दुसऱ्या देशाच्या स्थैर्यासाठी स्वदेशाच्या तिजोरीतून पैसा जाणार असेल, तर तो कोणाच्या संमतीने जावा, किती काळ जावा आणि त्याचा हिशेब कोणी मागावा, हे प्रश्न मात्र मंत्रालयांत सुटणारे नसतात. ते कायदेमंडळात, म्हणजे कर भरणाऱ्या जनतेच्या प्रतिनिधींपुढे, यावे लागतात. अमेरिकेच्या राज्यघटनेने ही गोष्ट आरंभापासूनच स्पष्ट करून ठेवली आहे. परराष्ट्रांशी तह करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला असला, तरी सिनेट या वरिष्ठ सभागृहातील उपस्थित सदस्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताशिवाय तो तह अमलात येत नाही, आणि सिनेट व प्रतिनिधिगृह या दोन्ही सभागृहांनी कायदा केल्याखेरीज तिजोरीतून एक डॉलरही खर्च करता येत नाही. या दोन सभागृहांना मिळून तेथे काँग्रेस म्हणतात. या अधिकारांचा वापर आडकाठीसाठीही होऊ शकतो आणि धोरण अधिक भक्कम करण्यासाठीही. या दोन्ही शक्यता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अवघ्या तीस वर्षांच्या अंतराने प्रत्यक्षात उतरलेल्या दिसतात.

पहिला अनुभव आडकाठीचा होता. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी व्हर्सायचा तह आणि त्यातच अंतर्भूत असलेली राष्ट्रसंघाची सनद सिनेटपुढे ठेवली, तेव्हा परराष्ट्र संबंध समितीचे अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज यांनी काही अटी घालून तो तह मान्य करण्याची तयारी दाखवली होती. परंतु विल्सन यांनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना या अटी स्वीकारू दिल्या नाहीत. १९ मार्च १९२० रोजी झालेल्या अखेरच्या मतदानात ४९ विरुद्ध ३५ असे साधे बहुमत मिळूनही दोन-तृतीयांशांना सात मते कमी पडली आणि ज्या संस्थेची कल्पना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने मांडली होती, तिच्यात अमेरिका कधीच सामील झाली नाही. कायदेमंडळाला विश्वासात न घेता केलेला करार कितीही उदात्त असला तरी तो कागदावरच राहतो, हा धडा पुढच्या पिढीतील ज्या राजकारण्यांनी मनावर घेतला, त्यांत मिशिगन राज्याचे सिनेटर आर्थर व्हँडनबर्ग यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

व्हँडनबर्ग यांचा जन्म २२ मार्च १८८४ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स या गावी झाला. त्यांचे वडील घोड्यांचे साज बनवण्याचा व्यवसाय करीत असत आणि १८९३ च्या आर्थिक अरिष्टात तो व्यवसाय बुडाल्यामुळे मुलाला लहान वयातच कमाईला लागावे लागले. वयाच्या बाविसाव्या वर्षी ते ‘ग्रँड रॅपिड्स हेराल्ड’ या दैनिकाचे संपादक झाले आणि पुढची दोन दशके त्यांनी मध्यपश्चिमेतील शेतकरी, फर्निचर कारखानदार आणि दुकानदार अशा वाचकवर्गासाठी अग्रलेख लिहिण्यात घालवली. मार्च १९२८ मध्ये मिशिगनच्या एका सिनेटरचे निधन झाल्यावर त्या रिक्त जागेवर त्यांची नेमणूक झाली आणि त्यानंतर सलग निवडून येत ते मृत्यूपर्यंत सिनेटमध्ये राहिले. आपल्या मतदाराला परदेशाबद्दल काय वाटते आणि कोणती गोष्ट त्याच्या गळी उतरणार नाही, याची त्यांना असलेली जाण संपादकीय टेबलावर घडलेली होती, आणि पुढे वॉशिंग्टनमधील मुत्सद्द्यांना तिचीच सर्वाधिक गरज भासली.

१९३० च्या दशकात ही जाण त्यांना अलगतावादाकडे घेऊन गेली. अलगतावाद म्हणजे युरोपातील भांडणांपासून अमेरिकेने कटाक्षाने दूर राहावे अशी भूमिका. शस्त्रास्त्र कारखानदारांनी आणि बँकांनी देशाला पहिल्या महायुद्धात ओढले का, याची चौकशी करणाऱ्या जेराल्ड नाय यांच्या अध्यक्षतेखालील समितीचे व्हँडनबर्ग सदस्य होते. युद्धात उतरलेल्या देशांना शस्त्रे विकण्यास मनाई करणाऱ्या १९३५ ते १९३७ या काळातील तटस्थता कायद्यांना त्यांचा पाठिंबा होता आणि मार्च १९४१ मध्ये ब्रिटनला युद्धसाहित्य पुरवण्याची तरतूद करणाऱ्या ‘लेंड-लीज’ कायद्याविरुद्ध त्यांनी मतदान केले. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर जपानी विमानांनी हल्ला केला, तेव्हा दोन महासागर हीच अमेरिकेची तटबंदी आहे या समजुतीचा पायाच निखळला. व्हँडनबर्ग यांचे मतपरिवर्तन मात्र एका दिवसात झालेले नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये मॅकिनॅक बेटावर झालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या बैठकीत त्यांनी युद्धोत्तर सहकार्याला अनुकूल ठराव घडवून आणला आणि १० जानेवारी १९४५ रोजी सिनेटमध्ये केलेल्या भाषणात कोणतेही राष्ट्र यापुढे केवळ स्वतःच्या बळावर सुरक्षित राहू शकणार नाही, असे जाहीरपणे मान्य केले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत ते अमेरिकेच्या शिष्टमंडळाचे सदस्य होते आणि तेथे तयार झालेली संयुक्त राष्ट्रसंघाची सनद २८ जुलै १९४५ रोजी सिनेटने ८९ विरुद्ध २ मतांनी मंजूर केली. विल्सन यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या शांतता परिषदेसाठी विरोधी पक्षाच्या एकाही सिनेटरला पॅरिसला नेले नव्हते, ही चूक या वेळी टाळलेली होती.

खरी कसोटी मात्र सनदेनंतर लागली. नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकांत काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन पक्षाला बहुमत मिळाले, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्यापुढे विरोधकांचे कायदेमंडळ उभे राहिले आणि जानेवारी १९४७ मध्ये परराष्ट्र संबंध समितीचे अध्यक्षपद व्हँडनबर्ग यांच्याकडे आले. पुढच्याच महिन्यात, २१ फेब्रुवारी रोजी, ब्रिटनने अमेरिकेला कळवले की, ग्रीस आणि तुर्कस्तान यांना आपण देत असलेली मदत ३१ मार्चनंतर आपल्याला परवडणार नाही. ग्रीसमध्ये त्या वेळी राजेशाहीवादी सरकार आणि कम्युनिस्टप्रणीत गनिमी सैनिक यांच्यात यादवी युद्ध चालू होते, तर तुर्कस्तानवर सामुद्रधुनींच्या प्रश्नावरून सोव्हिएत संघाचा दबाव होता. २७ फेब्रुवारीला ट्रूमन यांनी दोन्ही सभागृहांतील नेत्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल आणि उपमंत्री डीन अ‍ॅचेसन यांनी परिस्थिती समजावून सांगितल्यावर व्हँडनबर्ग यांनी पाठिंब्याची तयारी दाखवली, परंतु राष्ट्राध्यक्षांनी स्वतः काँग्रेसपुढे येऊन ही गोष्ट देशाला उघडपणे सांगितली पाहिजे, असा आग्रह धरला. त्याप्रमाणे १२ मार्च १९४७ रोजी ट्रूमन यांनी संयुक्त अधिवेशनात भाषण करून दोन्ही देशांसाठी ४० कोटी डॉलर मागितले.

येथून पुढे व्हँडनबर्ग यांनी जे केले, त्यात लोकप्रतिनिधीच्या कामाचे मर्म जवळून पाहायला मिळते. राष्ट्राध्यक्षांना पाठिंबा द्यायचा हे मनाशी ठरलेले असतानाही त्यांनी सहकारी सिनेटरांना आपल्या शंका लेखी देण्यास सांगितले, आलेले प्रश्न एकत्र करून त्यांतील शंभरावर प्रश्न परराष्ट्र खात्याकडे पाठवले आणि त्यांची लेखी उत्तरे घेऊन ती सर्वांपुढे ठेवली. सर्वांत बोचरा प्रश्न असा होता की, नुकत्याच स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाला बाजूला सारून अमेरिका एकटीच पुढे का जात आहे. या आक्षेपात तथ्य आहे, हे व्हँडनबर्ग यांनी मान्य केले आणि विधेयकात दुरुस्ती सुचवली. त्या दुरुस्तीनुसार, सुरक्षा परिषदेला किंवा आमसभेला ही मदत अनावश्यक वा अनिष्ट वाटली तर राष्ट्राध्यक्षाने ती थांबवावी, आणि अशा प्रसंगी सुरक्षा परिषदेत अमेरिकेने आपला नकाराधिकारही वापरू नये, असे ठरले. तसेच मदत घेणाऱ्या देशातील बहुसंख्य जनतेचे प्रतिनिधित्व करणाऱ्या सरकारने विनंती केल्यास मदत बंद करावी, तिच्या विनियोगाची पाहणी करण्यास अमेरिकी अधिकाऱ्यांना आणि वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना मोकळीक असावी आणि पाठवायच्या लष्करी अधिकाऱ्यांचे काम सल्ल्यापुरतेच मर्यादित असावे, अशीही कलमे कायद्यात आली. सिनेटने २२ एप्रिलला ६७ विरुद्ध २३ मतांनी विधेयक संमत केले आणि २२ मे रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

या कायद्याला झालेला विरोध पोकळ नव्हता आणि इतिहासाने त्यातील काही भाग खरा ठरवला. फ्लोरिडाचे सिनेटर क्लॉड पेपर यांच्यासारख्या सदस्यांचे म्हणणे असे होते की, ग्रीसचे सरकार लोकशाहीचे रक्षण करण्याऐवजी विरोधकांना चिरडण्यासाठी अमेरिकी मदतीचा वापर करील. १९४९ मध्ये यादवी संपली आणि ग्रीस टिकला, हे खरे; पण त्याच काळात मॅक्रोनिसोस बेटावरील छावण्यांत हजारो राजकीय बंद्यांचा छळ झाला, हेही तितकेच खरे. परक्या देशाला स्थैर्य मिळवून देताना ते कोणाचे स्थैर्य आणि कोणाच्या जिवावर, हा प्रश्न कायदेमंडळाने सोडून देता कामा नये. दुरुस्तीत पाहणीची तरतूद असूनही ग्रीसच्या बाबतीत तो पुरेशा नेटाने विचारला गेला नाही, याची नोंद व्हँडनबर्ग यांच्या गौरवाबरोबरच करणे इतिहासाला धरून होईल.

ग्रीसचा प्रश्न धसास लागत असतानाच पश्चिम युरोपची अवस्था अधिक बिकट झाली होती. १९४६-४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये कोळशाअभावी कारखाने बंद ठेवावे लागले, फ्रान्समध्ये पावाचे शिधाप्रमाण कमी करावे लागले आणि अमेरिकेतून धान्य, कोळसा व यंत्रे विकत घेण्यासाठी लागणारे डॉलर बहुतेक देशांकडे उरले नव्हते. ५ जून १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील भाषणात मार्शल यांनी युरोपीय देशांनी एकत्र येऊन आपल्या गरजांचा आराखडा तयार करावा आणि अमेरिकेने त्याला साह्य करावे, अशी सूचना केली. जुलैमध्ये सोळा देश पॅरिसमध्ये जमले. सोव्हिएत संघाने मात्र या योजनेतून अंग काढून घेतले आणि आपल्या प्रभावाखालील देशांनाही दूर ठेवले.

हार्वर्डचे भाषण म्हणजे अजून योजना नव्हती, तिच्यासाठी कायदाही नव्हता आणि पैसाही नव्हता. हे तिन्ही मिळवायचे असेल तर देशाची स्वतःची ऐपत किती, हे आधी तपासले पाहिजे, अशी मागणी व्हँडनबर्ग यांनी जूनमध्येच केली आणि ट्रूमन यांनी ती मान्य करून तीन समित्या नेमल्या. अमेरिकेची नैसर्गिक साधनसंपत्ती, देशांतर्गत अर्थव्यवस्थेवर होणारा परिणाम आणि मदतीचे योग्य प्रमाण असे त्यांचे विषय होते. त्यांपैकी तिसऱ्या समितीत, व्यापारमंत्री अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांच्या अध्यक्षतेखाली, उद्योगपती, कामगारनेते आणि प्राध्यापक होते. प्रतिनिधिगृहाने आपली वेगळी समिती ख्रिश्चन हर्टर यांच्या पुढाकाराने युरोपात पाठवली. तरुण रिचर्ड निक्सन या समितीचे सदस्य होते. घरी परतलेल्या सदस्यांनी आपापल्या मतदारसंघांत प्रत्यक्ष पाहिलेली टंचाई वर्णन केली, आणि परराष्ट्र खात्याच्या निवेदनांना जे साधले नसते ते या वर्णनांनी साधले. परदेशी मदतीचा विचार गावोगावच्या सभांत आणि स्थानिक वृत्तपत्रांत पोचल्यामुळे तिला सरकारबाहेरचा आधार मिळाला.

डिसेंबर १९४७ मध्ये सरकारचे विधेयक काँग्रेसपुढे आले, तेव्हा त्यात सव्वाचार वर्षांसाठी १७ अब्ज डॉलर आणि पहिल्या पंधरा महिन्यांसाठी ६.८ अब्ज डॉलर असे आकडे होते. व्हँडनबर्ग यांनी १७ अब्जांचा उल्लेख विधेयकातून काढून टाकायला लावला, कारण चार वर्षांनंतरच्या गरजांचा अंदाज कोणालाही प्रामाणिकपणे करता येत नाही आणि आजच्या काँग्रेसने उद्याच्या काँग्रेसचे हात बांधू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. पहिल्या टप्प्याची मुदत त्यांनी पंधरा महिन्यांवरून बारा महिन्यांवर आणली आणि त्या प्रमाणात रक्कम ५.३ अब्ज केली. वरवर ही कपात वाटत असली तरी महिन्यागणिक खर्चाचे प्रमाण जवळजवळ तेच राहिले. फरक एवढाच पडला की, जानेवारी १९४९ मध्ये येणाऱ्या नव्या काँग्रेसला योजनेच्या प्रगतीचा ताळेबंद मागूनच पुढची मंजुरी देता येणार होती. काटकसरवाल्यांचे समाधान झाले, योजनेची धार बोथट झाली नाही आणि वार्षिक तपासणीचे तत्त्व कायद्यात रुजले.

दुसरा वाद ही योजना राबवणार कोण, यावर होता. परराष्ट्र खात्याला ती आपल्या ताब्यात हवी होती, तर अनेक सदस्यांना मुत्सद्द्यांच्या हाती एवढा पैसा आणि एवढा व्यापार सोपवणे धोक्याचे वाटत होते. व्हँडनबर्ग यांनी हा वाद सभागृहात पेटू न देता ब्रुकिंग्ज इन्स्टिट्यूशन या संशोधन संस्थेकडे सोपवला. जानेवारी १९४८ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाप्रमाणे आर्थिक सहकार्य प्रशासन नावाची स्वतंत्र यंत्रणा निर्माण झाली, तिच्या प्रमुखाला मंत्रिमंडळातील सदस्याचा दर्जा मिळाला आणि परराष्ट्रमंत्र्याशी मतभेद झाल्यास निर्णय राष्ट्राध्यक्षाने द्यावा असे ठरले. प्रमुखपदासाठी ट्रूमन यांच्या मनात अ‍ॅचेसन होते. व्हँडनबर्ग यांना उद्योगक्षेत्रातील माणूस हवा होता आणि अखेर स्टुडबेकर या मोटार कंपनीचे अध्यक्ष पॉल हॉफमन यांची नेमणूक झाली.

जानेवारी १९४८ च्या दुसऱ्या आठवड्यात समितीच्या सुनावण्या सुरू झाल्या आणि सुमारे महिनाभर मंत्री, सेनाधिकारी, शेतकरी संघटना, कामगार संघटना, धर्मसंस्था आणि योजनेचे कट्टर विरोधक यांच्या साक्षी नोंदवल्या गेल्या. विरोधकांनाही मनसोक्त बोलू दिले गेले, कारण समितीत न ऐकलेला आक्षेप सभागृहात दुप्पट जोराने येतो, हे व्हँडनबर्ग जाणून होते. समितीने विधेयक एकमताने पुढे पाठवले. फेब्रुवारीअखेर चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता हस्तगत केली आणि युरोपातील लोकशाहीचे भवितव्य हा विषय अमेरिकी जनतेला एकाएकी जवळचा वाटू लागला. १ मार्चला व्हँडनबर्ग यांनी सिनेटमध्ये विधेयक मांडताना यशाची हमी दिली नाही. कृती करण्यात धोका आहे, पण स्वस्थ बसण्यात त्याहून मोठा धोका आहे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. त्यांच्याच पक्षातील प्रभावी नेते ओहायोचे रॉबर्ट टॅफ्ट यांनी रक्कम ४ अब्जांवर आणण्याची दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली, परंतु अंतिम मतदानात टॅफ्ट यांनीही विधेयकाच्या बाजूने मत दिले. सिनेटने ते ६९ विरुद्ध १७ मतांनी, तर प्रतिनिधिगृहाने ३२९ विरुद्ध ७४ मतांनी संमत केले आणि ३ एप्रिल १९४८ रोजी त्याचा कायदा झाला.

अमेरिकी पद्धतीत मात्र एवढ्याने पैसा हाती येत नाही. आधी एखाद्या कामावर अमुक रकमेपर्यंत खर्च करण्यास परवानगी देणारा कायदा होतो आणि मग विनियोजन समित्या प्रत्यक्ष रक्कम उपलब्ध करून देणारा दुसरा कायदा करतात. प्रतिनिधिगृहाच्या विनियोजन समितीचे अध्यक्ष जॉन टेबर यांनी या दुसऱ्या पायरीवर, बारा महिन्यांसाठीची रक्कम कापून ती पंधरा महिन्यांवर पसरवण्याचा घाट घातला. सुमारे चतुर्थांश मदत त्यामुळे कमी झाली असती. जून १९४८ मध्ये व्हँडनबर्ग स्वतः सिनेटच्या विनियोजन समितीपुढे साक्षीदार म्हणून उभे राहिले आणि काँग्रेसने एप्रिलमध्ये दिलेला शब्द जूनमध्ये मागल्या दाराने परत घेणे म्हणजे जगाची फसवणूक ठरेल, असे त्यांनी निक्षून सांगितले. अखेर गरज भासल्यास सुमारे ४ अब्ज डॉलर बारा महिन्यांतच खर्च करण्याची मोकळीक मिळाली. आपल्याच पक्षाच्या बलाढ्य सहकाऱ्याविरुद्ध उघडपणे उभे राहण्याचे हे धैर्य भाषणातल्या धैर्याहून अधिक मोलाचे होते.

योजनेचे प्रत्यक्ष कामकाज समजून घेण्यासाठी एका व्यवहाराचा माग काढणे पुरेसे आहे. फ्रान्समधील एखाद्या शेतकऱ्याला अमेरिकी ट्रॅक्टर हवा असेल, तर तो त्याची किंमत आपल्या चलनात, म्हणजे फ्रँकमध्ये, भरत असे. अमेरिकी कारखानदाराला डॉलर मात्र आर्थिक सहकार्य प्रशासनाकडून मिळत. शेतकऱ्याने भरलेले फ्रँक फ्रेंच सरकारच्या वेगळ्या खात्यात जमा होत आणि त्या निधीचा विनियोग अमेरिकेच्या संमतीने देशाच्या उभारणीसाठी होत असे. स्थानिक चलनातील या ठेवीला समांतर निधी असे म्हणता येईल. फ्रान्सने तो वीज, रेल्वे आणि खाणी यांच्या आधुनिकीकरणाकडे वळवला, ब्रिटनने मुख्यत्वे सरकारी कर्ज फेडण्यासाठी वापरला, तर पश्चिम जर्मनीत तो कर्जरूपाने पुन्हा पुन्हा फिरवला गेला आणि त्या कामी १९४८ मध्ये स्थापन झालेली पुनर्रचना बँक आजही कार्यरत आहे. अमेरिकी हितसंबंधांची छापही कायद्यावर होतीच. मदतीचा निम्मा माल अमेरिकी जहाजांतून गेला पाहिजे, हे कलम जहाज उद्योगाच्या दबावातून आले होते.

१९५२ पर्यंत या योजनेखाली सुमारे १३ अब्ज डॉलर युरोपात गेले आणि त्यांतील सर्वांत मोठा, ३ अब्जांहून अधिक, वाटा ब्रिटनला मिळाला. युरोपची सावरण्याची प्रक्रिया योजनेपूर्वीच सुरू झाली होती, असे अ‍ॅलन मिलवर्ड यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे आणि मदतीचे आकडे राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत लहान होते, हेही नाकारता येत नाही. तथापि आयातीसाठी हाती आलेले डॉलर, चलनांतील शिस्त आणि सोळा देशांना एकाच टेबलावर बसवणारी संघटना यांमुळे निवडून आलेल्या सरकारांना श्वास घेण्यास अवधी मिळाला. याउलट १९४८ च्या त्याच कायद्यातून चीनच्या राष्ट्रवादी सरकारला दिलेली मदत वाया गेली, कारण ज्या राजवटीवरचा जनतेचा विश्वास उडाला होता तिला बाहेरच्या पैशाने उभे करणे शक्य नव्हते. स्थैर्याला टेकू देता येतो, ते आयात करता येत नाही, हा या दोन अनुभवांचा एकत्रित निष्कर्ष आहे.

आशियाशी व्हँडनबर्ग यांच्या कार्याचा संबंध आणखी एका वळणावर येतो. डिसेंबर १९४८ मध्ये नेदरलँड्सने इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर दुसऱ्यांदा लष्करी कारवाई केली, तेव्हा मार्शल योजनेतून मदत घेणारा देश वसाहतयुद्ध चालवतो, ही विसंगती साऱ्या आशियाला खुपली आणि जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरवली. मेन राज्याचे सिनेटर ओवेन ब्रूस्टर यांनी नेदरलँड्सची सारी मदत तोडण्याची दुरुस्ती मांडली. ती मंजूर झाली नाही. तिच्याऐवजी, सुरक्षा परिषद ज्या देशाविरुद्ध प्रतिबंधक किंवा सक्तीची कारवाई करील त्याची मदत थांबवावी, असे सौम्य कलम आले. तरीही वॉशिंग्टनमधील संसदीय दबाव हेग येथील सरकारपर्यंत पोचला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इंडोनेशियाचे सार्वभौमत्व मान्य झाले. मदतीचा कायदा करणारे सभागृह मदत घेणाऱ्याच्या वर्तनाबद्दलही बोलू शकते, हे येथे दिसून आले.

एप्रिल १९४९ मध्ये उत्तर अटलांटिक करार झाला, त्याचा पायाही जून १९४८ मधील व्हँडनबर्ग यांच्या ठरावाने घातलेला होता. पण त्याच वर्षी ट्रूमन सरकारने मित्रदेशांना शस्त्रे पुरवण्यासाठी राष्ट्राध्यक्षाला जवळजवळ अमर्याद अधिकार देणारे विधेयक आणले, तेव्हा त्याला सर्वांत कडाडून विरोध व्हँडनबर्ग यांनीच केला आणि ते नव्याने लिहावयास भाग पाडले. पाठिंबा आणि अंकुश ही दोन्ही कर्तव्ये एकाच व्यक्तीने कशी पार पाडावीत, याचा हा उत्तम दाखला आहे. कर्करोगाशी झुंजत १८ एप्रिल १९५१ रोजी त्यांचे ग्रँड रॅपिड्स येथे निधन झाले.

त्या वेळी अमेरिकी काँग्रेसपुढे भारताचाच प्रश्न होता. धान्यटंचाईमुळे भारताने मागितलेल्या २० लाख टन धान्याचे विधेयक, कोरियाच्या प्रश्नावर नेहरूंनी घेतलेल्या स्वतंत्र भूमिकेमुळे नाराज झालेल्या सदस्यांनी अनेक महिने रखडवले आणि अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरच्या कर्जाच्या रूपाने ते संमत झाले. १९५४ च्या पीएल-४८० कायद्याखाली पुढे भारतात आलेल्या गव्हाची किंमत रुपयांत जमा होऊ लागली, ती समांतर निधीच्याच धर्तीवर. या रुपयांचे काय करायचे, याविषयी १९५८ मध्ये मिशिगनचेच प्रतिनिधी जॉन डिंगेल यांनी एक दुरुस्ती मांडली आणि त्यातून अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाला भारतीय ग्रंथ विकत घेण्याची परवानगी मिळाली. १९६२ पासून दिल्लीतील कार्यालयामार्फत मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके व नियतकालिके अमेरिकेतील विद्यापीठांकडे नियमितपणे जाऊ लागली. तेथील मराठीच्या अभ्यासाला ज्या संग्रहांचा आधार मिळाला, त्यांच्या मुळाशी रेशनच्या गव्हाचे रुपये आणि एका लोकप्रतिनिधीची दुरुस्ती आहे.

व्हँडनबर्ग यांच्या परंपरेतून द्विपक्षीय एकमताचा वारसा पुढे आला, पण त्यातील चिकित्सा वगळून केवळ एकमत घेतले की काय होते, हे ऑगस्ट १९६४ मध्ये दिसले. टोंकिनच्या आखातातील घटनेनंतर व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरण्याची मुभा राष्ट्राध्यक्षाला देणारा ठराव सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी आणि प्रतिनिधिगृहाने एकाही विरोधी मताशिवाय, अवघ्या काही दिवसांत संमत केला. ज्या परराष्ट्र संबंध समितीने १९४८ मध्ये महिनाभर साक्षी घेतल्या होत्या, तिचे तत्कालीन अध्यक्ष विल्यम फुलब्राइट यांनी तो ठराव सिनेटमध्ये पुढे रेटला आणि दोनच वर्षांत आपल्या समितीच्या दूरचित्रवाणीवरून दाखवल्या गेलेल्या सुनावण्यांत त्या युद्धाचीच उलटतपासणी आरंभली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. युरोपातील योजना टिकली आणि व्हिएतनामचे धोरण कोसळले, यामागे अनेक कारणे आहेत. परंतु पहिल्या वेळी संमती प्रश्न विचारून दिली गेली आणि दुसऱ्या वेळी प्रश्न न विचारता, हे त्यांतील एक ठळक कारण आहे.

अमेरिकेच्या उलट, भारतीय राज्यघटनेत आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची पूर्वसंमती आवश्यक नाही. देशाची भूमी दुसऱ्या देशाला द्यायची असेल तर मात्र घटनादुरुस्ती करावी लागते, असे १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. या एका अटीमुळे बांगलादेशाबरोबर १९७४ मध्ये झालेला भूसीमा करार संसदेपुढे येणे अपरिहार्य ठरले आणि मे २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांनी शंभरावी घटनादुरुस्ती एकमताने संमत केल्यावर सीमेवरील १६२ वेढलेल्या वस्त्यांतील हजारो लोकांना प्रथमच निश्चित नागरिकत्व मिळाले. करार आणि संमती यांच्यामध्ये एकेचाळीस वर्षे गेली, पण संमती मिळाल्यावर तो प्रश्न कायमचा मिटला. २०२२ मध्ये आर्थिक संकटात सापडलेल्या श्रीलंकेला भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरचे साह्य दिले आणि भूतान, नेपाळ, मालदीव यांनाही दरवर्षी मदत जाते. म्हणजे शेजाऱ्यांच्या स्थैर्याचा खर्च आता भारतीय करदाताही उचलतो. असे असताना अनेक मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना एकत्रित मताला टाकल्या जातात, ही प्रथा देशाच्या हिताची नाही. आपल्या खासदाराने शेजारी देशांना जाणाऱ्या मदतीबद्दल सभागृहात किती प्रश्न विचारले, हे मतदारांनी त्याला विचारले पाहिजे, कारण त्या प्रश्नांवरच मदतीचे टिकणे आणि तिचा उपयोग होणे अवलंबून आहे.